गावावरून आलेल्या इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा: 'वॉशिंग्टन' हाताशी धरून

गावावरून पडलेले आडनाव म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. चिपळूणकर, वाईकर, नागपूरकर असे काही कानावर पडले की आपण लगेच विचारतो, "मूळ गाव तेच का?" इंग्रजी आडनावांना असा 'कर' लागत नाही, म्हणून ती आपल्याला नुसती नावे वाटतात. पण न्यूटन, मिल्टन, स्टॅन्ली, ब्रॅडफर्ड, लिंकन ही सगळी मुळात गावांची नावे आहेत. आज कितीतरी मराठी घरांत सून किंवा जावई अशा आडनावाचा असतो आणि नातवंडांच्या वंशावळीची एक बाजू थेट इंग्लंडातल्या एखाद्या खेड्याकडे जाते. ती बाजू शोधावीशी वाटते, पण सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे.

उदाहरणाला मी एकच आडनाव घेतो: वॉशिंग्टन. त्याचा प्रवास ११८३ पासून कागदावर सापडतो, आणि नवख्या शोधकाला जे जे खड्डे लागतात ते जवळजवळ सगळे या एकाच वाटेवर आहेत.

आधी आडनावाचा प्रकार ओळखा

इंग्रजी आडनावे ढोबळमानाने चार वाटांनी आली. धंद्यावरून (स्मिथ, टेलर), वडिलांच्या नावावरून (जॉन्सन, रिचर्ड्स), टोपणनावावरून (ब्राउन, लाँग) आणि जागेवरून. जागेवरून आलेल्यांतही दोन पोटप्रकार आहेत. काही एखाद्या ठरावीक गावाच्या नावावरून आलेली. काही गावातल्या एखाद्या खुणेवरून: टेकडीजवळ राहणारा हिल, रानाजवळचा ॲटवुड, ॲश झाडाजवळचा नॅश. नॅशमधला 'न' मूळ झाडाच्या नावात नाही. 'ॲटन ॲश', म्हणजे ॲश झाडापाशी, हे भराभर म्हणता म्हणता तो झाडाच्या नावाला चिकटला. खुणेवरची आडनावे शेकडो गावांत स्वतंत्रपणे तयार झाली, त्यामुळे त्यांचे एक मूळ गाव शोधण्यात वेळ घालवू नका.

गावावरचे आडनाव शेवटच्या तुकड्यावरून ओळखता येते. आपल्याकडे जसे गाव, वाडी, पूर, खेड, तसे तिकडे 'टन' म्हणजे शेतवस्ती किंवा जहागिरीची वाडी, 'ली' म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा, 'फर्ड' म्हणजे नदी चालत ओलांडायची उथळ जागा, 'बरी' म्हणजे तटबंदीची जागा. 'हॅम' बहुधा वस्ती, कधी नदीकाठचे कुरण. 'बी' हा तुकडा डेन्मार्ककडून आलेल्या लोकांनी आणला. त्यांनी वसवलेल्या यॉर्कशायर, लिंकनशायरच्या पट्ट्यात तो दाट दिसतो; सेल्बी, कर्कबी ही त्यातलीच. तेव्हा न्यूटन म्हणजे आपले नवेगाव, आणि स्टॅन्ली म्हणजे दगडाळ मोकळवन.

आजच्या इंग्रजीवरून अर्थ लावू नका. रॅम्सबॉटममधला 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ. वॉशिंग्टनमध्येही धुण्याचा काही संबंध नाही. जुन्या कागदांत हे नाव 'वेसिंग्टन' असे येते आणि त्याच्या मुळाशी वास्सा नावाचा कुणी अँग्लो-सॅक्सन माणूस आहे. मधला 'इंग' नाते दाखवतो, शेवटचा 'टन' वस्ती. वास्साच्या लोकांची वाडी, एवढाच त्याचा अर्थ. गावाच्या नावाचा अर्थ पाहायला नॉटिंगहॅम विद्यापीठाचा इंग्रजी स्थलनामांचा मोफत ऑनलाइन कोश आहे. त्यामागे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे अनेक दशकांचे काम आहे. आडनावांसाठी ऑक्सफर्डचा २०१६ चा चार खंडी कोश सर्वांत भरवशाचा. तो महाग आहे, पण ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांचे सभासद तो ऑनलाइन पाहू शकतात. आडनावाचा 'अर्थ' दोन ओळींत सांगणारी संकेतस्थळे सुरुवातीला बाजूला ठेवा.

त्या नावाची सगळी गावे शोधा

नवखा माणूस पहिली मोठी चूक इथे करतो. गावाचे नाव सापडले की तो आनंदाने थांबतो. पण न्यूटन, सटन, नॉर्टन या नावांची गावे इंग्लंडभर विखुरलेली आहेत. दोन सटन कुटुंबांचा एकमेकांशी काहीही संबंध नसणे हेच स्वाभाविक.

वॉशिंग्टन नावाची गावेसुद्धा दोन आहेत. एक दक्षिणेला ससेक्समध्ये, दुसरे उत्तरेला डरॅम परगण्यात. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या मोठ्या नोंदीत, ससेक्सचे वॉशिंग्टन सापडते, उत्तरेचे सापडत नाही. यावरून उत्तरेचे गाव नंतर वसले असे कुणी म्हणेल. खरे कारण वेगळे आहे: त्या पाहणीत डरॅम आणि नॉर्थम्बरलँड घेतलेच नव्हते. एखाद्या दस्तात नाव नाही म्हणजे गाव नव्हते असे होत नाही. त्या दस्ताची हद्द कुठवर होती, हे आधी पाहायचे.

शोधताना जुने परगणे वापरा. उत्तरेचे वॉशिंग्टन आज सुंदरलँड शहराच्या प्रशासनात आहे, १९६४ मध्ये ते नवनगर म्हणून जाहीर झाले आणि १९७४ पासून ते टाइन अँड वेअर या नव्या परगण्यात मोडते. जुने कागद मात्र डरॅमच्या नावाखालीच सापडतील.

नाव माणसाला केव्हा आणि का चिकटले

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गावात राहणाऱ्याला गावाचे नाव पडत नाही. चिपळुणात सगळेच चिपळूणचे, तिथे 'चिपळूणकर' म्हणून वेगळे कुणाला ओळखणार? माणूस गाव सोडून परक्या वस्तीत गेला की तिथले लोक त्याला मूळ गावावरून हाक मारतात. इंग्लंडातही बहुतेक वेळा हेच झाले. म्हणून एखादे दुर्मीळ आडनाव बऱ्याचदा मूळ गावात सापडतच नाही, पाचदहा मैलांवरच्या गावांत सापडते. मूळ गावाच्या रजिस्टरात नाव दिसले नाही तर निराश होऊ नका, आजूबाजूची गावे घ्या.

याला अपवाद जमीनदारांचा. ते राहत्या जहागिरीचेच नाव लावत, आणि जहागीर बदलली की नावही बदलत. वॉशिंग्टन घराण्याची सुरुवात अशीच झाली. ११८३ मध्ये डरॅमचे बिशप ह्यू द प्युझे यांनी आपल्या मुलखाची पाहणी करवली. तिला बोल्डन बुक म्हणतात. त्यात विल्यम द हर्टबर्न या सरदाराची नोंद आहे: त्याने आपले हर्टबर्न गाव बिशपना दिले आणि बदल्यात वेसिंग्टन घेतले. चर्च आणि चर्चची जमीन मात्र त्यातून वगळलेली. वर्षाला ४ पौंड सारा द्यायचा आणि बिशपांच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचे, अशी अट. पुढे विल्यमच्या घराण्याने नव्या गावाचे नाव लावले. अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे आडनाव कदाचित हर्टबर्न असते.

दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. उद्या कुणी फक्त 'मंगेशकर' या शब्दामागे धावत त्यांच्या आधीच्या पिढ्या शोधू लागला, तर त्याला काहीच मिळणार नाही. विल्यमचेही तसेच. ११८३ च्या आधीचा त्याचा माग वॉशिंग्टन गावात नाही, हर्टबर्नमध्ये आहे.

त्या काळची नावे 'द हर्टबर्न', 'ऑफ अमुक' अशी लिहिली जात. हे 'द' आणि 'ऑफ' हळूहळू गळून पडले आणि उरले नुसते गाव. आडनाव पिढीजात होण्याची चाल १०६६ नंतर नॉर्मन सरदारांकडून सुरू झाली. सामान्यांत ती साधारण १४०० पर्यंत बहुतेक ठिकाणी रुळली, उत्तरेकडे त्याहून उशिरा. म्हणून १२५० चा 'जॉन ऑफ अमुक' सापडला, तरी त्याचा मुलगा तेच नाव लावत होता असे धरून चालू नका.

आता उलट्या दिशेने: आजपासून मागे

इतका वेळ आपण नावाचा विचार केला. आता नाव बाजूला ठेवून माणूस धरा. आजच्या जिवंत माणसापासून सुरू करून एकेक पिढी मागे जायचे, आणि दर पायरीला शक्यतो दोन वेगवेगळे पुरावे हवेत. मधली एक पिढी गाळून 'हा तोच असणार' म्हणत उडी मारली की सगळी वंशावळ दुसऱ्याच घराची होते.

घरातून सुरुवात करा. आजीला विचारा, जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात ते पाहा, फोटोंच्या मागचा मजकूर वाचा.

मग सरकारी नोंदी. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर तिची सूची फुकट शोधता येते. सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचे माहेरचे आडनावही मिळते, आणि एकाच नावाची चार मुले समोर आली की त्याच्याच आधाराने आपला मुलगा निवडता येतो. दाखल्याला पैसे पडतात, म्हणून सूचीत खात्री करून मगच मागवा. स्कॉटलंडची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे, तिथे स्कॉटलंड्सपीपल हे संकेतस्थळ पाहा.

जनगणना दर १० वर्षांनी. घरातल्या सगळ्यांची नावे १८४१ पासून मिळतात, पण त्या वर्षी मोठ्यांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत आणि जन्मगाव नाही, फक्त याच परगण्यात जन्म की नाही एवढेच. १८५१ पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, लिहिलेला असतो, आणि गावाच्या शोधात सर्वांत मोलाचा रकाना तोच. १८८१ ची जनगणना फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत आहे. सर्वांत अलीकडची खुली जनगणना १९२१ ची. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत जळाले.

१८८१ च्या जनगणनेचा आणखी एक उपयोग आहे. आपले आडनाव तेव्हा कोणत्या परगण्यात दाट होते ते मोजा. दुर्मीळ आडनावे तोवर फारशी लांब पांगलेली नव्हती. रॅम्सबॉटम आडनावाची माणसे तेव्हाही लँकेशायरमध्येच एकवटलेली होती आणि रॅम्सबॉटम गावही लँकेशायरमधलेच. असा दाट पट्टा आणि त्यातले त्याच नावाचे गाव दोन्ही जुळले, तर शोध बरोबर वाटेवर आहे.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चची पॅरिश रजिस्टरे. ती १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेल यांच्या आदेशाने सुरू झाली, पण सगळ्या गावांची इतकी जुनी उरलेली नाहीत. रजिस्टर हरवले असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवायच्या नकला मागा. त्याच्याही मागे मृत्युपत्रे, जमिनीचे दस्त आणि १३७७, १३७९, १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे धर्मन्यायालयांत असत. त्यातल्या सर्वांत मोठ्या, कँटरबरीच्या न्यायालयाची मृत्युपत्रे लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात.

सोळाव्या-सतराव्या शतकातली लिखावट तुम्हाला वाचता येणार नाही. मोडीसारखीच ती शिकावी लागते. तिला सेक्रेटरी हँड म्हणतात, आणि नॅशनल आर्काइव्ह्जचे मोफत धडे आहेत. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात अक्षरे सुटू लागतात. हा महिना वाचवू नका. दुसऱ्याने लावलेल्या वाचनावर कायम विसंबून राहावे लागणे फार महागात पडते.

स्पेलिंग आणि तारखा

एकाच माणसाचे नाव एकाच दस्तात दोन प्रकारे लिहिलेले सापडेल. 'वेसिंग्टन', 'वॉसिंग्टन', 'वॉशिंग्टन', मध्ये कधी 'आय' तर कधी 'वाय'. कारकून जे ऐकू येईल ते लिहीत असे. शोधताना नावाचे सुचतील ते सगळे उच्चार एका कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक संकेतस्थळावर एकेक करून घाला.

तारखांचा खड्डा अधिक खोल आहे. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे ३१ डिसेंबर १७३१ नंतर १ जानेवारी १७३१ यायचा. शिवाय १७५२ मध्ये पंचांग बदलताना ११ दिवस गाळले गेले. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ चा, आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ चा. दोन्ही तारखा खऱ्या. जानेवारी ते २४ मार्चमधली जुनी तारीख आली की दोन्ही वर्षे तिरकी रेघ देऊन लिहायची: १७३१/३२. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. नाहीतर लग्नाआधी मूल जन्मल्याचे किंवा मेलेल्या माणसाने सही केल्याचे चमत्कार वंशावळीत दिसू लागतील.

नाव तेच, माणूस दुसरा

डरॅमच्या त्या घराण्याची एक शाखा पश्चिमेला वेस्टमोरलँडकडे आणि तिथून लँकेशायरमधल्या वॉर्टनला गेली. तिथल्या चर्चमध्ये घराण्याचे चिन्ह आहे: दोन आडवे पट्टे, वर तीन तारे. पुढे लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेला नॉर्थहॅम्प्टनला आले, लोकरीच्या व्यापारात पैसा केला, शहराचे महापौर झाले, आणि आठव्या हेन्रीने मठ मोडल्यावर १५३९ मध्ये त्यांनी सल्ग्रेव्हची जहागीर सरकारकडून विकत घेतली. त्यांचे पणतू, तेही लॉरेन्स, एसेक्समधल्या पर्लीचे धर्मगुरू होते. यादवी युद्धात १६४३ मध्ये संसदपक्षाने त्यांना पदावरून काढले. त्यांचा मुलगा जॉन १६५६-५७ मध्ये तंबाखूच्या व्यापारासाठी व्हर्जिनियाला गेला आणि तिथेच राहिला. जॉर्ज हे त्या जॉनचे पणतू.

आज हे चार वाक्यांत सांगता येते. पण ते शोधायला सुमारे शंभर वर्षे लागली. घराण्यांची चिन्हे आणि वंशावळी नोंदवणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी राष्ट्राध्यक्षांकडे त्यांच्या पूर्वजांची चौकशी केली. २ मे १७९२ च्या उत्तरात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी कबूल केले की या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे. पूर्वज उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा परगण्यातून आले एवढेच ऐकले आहे. हर्ड यांना सल्ग्रेव्हच्या घराण्यात जॉन आणि लॉरेन्स असे दोन भाऊ सापडले. व्हर्जिनियाला गेलेले भाऊही जॉन आणि लॉरेन्सच. हेच ते, असे त्यांनी ठरवले, आणि ती वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली.

१८६० च्या दशकात वंशावळींचे अभ्यासक कर्नल जोसेफ चेस्टर यांनी साधा प्रश्न विचारला. सल्ग्रेव्ह घराण्यातले जॉन 'सर' होते आणि लॉरेन्स धर्मगुरू. मग व्हर्जिनियाच्या एकाही कागदात त्या दोघांना तसे का म्हटलेले नाही? उत्तर एकच: ते वेगळे लोक होते. खरे नाते १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स यांनी जुळवून दाखवले. त्यांच्या हाती आलेल्या धाग्यांपैकी एक होता ट्रिंग गावच्या ॲम्फिलिस वॉशिंग्टन या विधवेच्या मालमत्तेचा. १६५५/५६ च्या फेब्रुवारीत तिची व्यवस्था तिचा मुलगा जॉन याच्याकडे सोपवली गेली. ॲम्फिलिस ही पर्लीच्या धर्मगुरूंची पत्नी. म्हणजे हर्ड यांनी बाप आणि चुलत्याला मुलांच्या जागी बसवले होते. पिढी एकने चुकली होती, घराणे मात्र बरोबर निघाले.

म्हणून माझा आग्रह: नावाखेरीज आणखी एक खूण जुळल्याशिवाय माणूस मान्य करू नका. हुद्दा, धंदा, बायकोचे नाव, गाव, सही, काहीही. एकाच घरात जॉन आणि लॉरेन्स पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, अगदी आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात तसेच.

घराण्याच्या चिन्हाबद्दलही इथेच सांगतो. वॉशिंग्टनांचे पट्टे आणि तारे आज अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर आहेत. पण इंग्लंडात असे चिन्ह आडनावाला मिळत नसते, एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळते. तुमच्या आडनावाचे चिन्ह म्हणून भिंतीवर लावायची पाटी कुणी विकत असेल तर ती पुरावा नव्हे.

आडनाव रक्ताशिवायही येते

२००० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे १,६३,००० लोकांचे आडनाव वॉशिंग्टन होते आणि त्यांतले सुमारे ९० टक्के आफ्रिकन-अमेरिकन. यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले तेव्हा माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. पण त्यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य माणसांनीही स्वातंत्र्याच्या वाटेवर हे नाव स्वतः निवडले. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन लहानपणी शाळेत गेले तेव्हा त्यांना आडनाव नव्हते. शिक्षकाने पूर्ण नाव विचारल्यावर त्यांनी तिथल्या तिथे 'वॉशिंग्टन' सांगितले. सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते.

अशा कुटुंबाचा माग काढायचा असेल तर डरॅमला जाऊन उपयोग नाही. १८७० ची अमेरिकन जनगणना पाहा. पूर्वीच्या गुलामांची नावे तिच्यात पहिल्यांदा इतर सर्वांसारखी लिहिली गेली. तिच्या मागे गेलात की मालकांच्या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत माणसे फक्त पहिल्या नावाने, किंमत लावून लिहिलेली सापडतात. त्या याद्या वाचणे अवघड जाते. तरीही वाचा, कारण त्या माणसांच्या नावाची तेवढीच एक नोंद उरलेली असते.

अडलात तर

गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज ही १९७९ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिचे सभासद एकेका आडनावाच्या जगभरच्या नोंदी गोळा करतात. तुमच्या आडनावावर कुणी काम करत असेल, तर एका पत्राने वर्षांचे काम वाचते. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय डीएनए चाचणी दोन शाखा एक आहेत की नाहीत एवढे सांगते, गाव सांगत नाही. परगण्याच्या अभिलेखागारातले कर्मचारी मनापासून मदत करतात, मात्र प्रश्न नेमका हवा: कुठला पॅरिश, कुठली दहा वर्षे, कुणाचा बाप्तिस्मा.

आणि शेवटी गावाला जाऊन या. डरॅमच्या वॉशिंग्टन गावात जुनी गढी अजून उभी आहे. वॉशिंग्टन ओल्ड हॉल. आजची वास्तू बरीचशी सतराव्या शतकातली आहे, पण मधल्या जुन्या दगडी कमानी विल्यमच्या वंशजांच्या काळातल्या मानतात. १९३० च्या दशकात ती पाडायची ठरली होती. गावातल्या लोकांनी समिती करून ती वाचवली, १९५५ मध्ये ती दुरुस्त होऊन खुली झाली आणि १९५७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. जाण्याआधी वेळा पाहून घ्या, रोज उघडी नसते. शेजारीच टेकाडावर चर्च आहे, बोल्डन बुकाने व्यवहारातून वगळलेल्या चर्चच्याच जागेवरचे.